शेवटच्या पार्टिशनला हात लावला नाही, दादा

दादा, तुझ्या तेरवीची भाड्याने आणलेली भांडी अजून परत गेली नव्हती, तोच तुझ्या लेकीने तुझा लॅपटॉप पुसून टाकला. निदान त्या दुपारी मला तसंच वाटलं. वहिनीचा फोन आला तेव्हा मी घरी कपाट आवरत होते, म्हणजे आवरायचं सोंग करत होते. "मनीषाताई, पोट्टी कायतरी करून बसली तुमच्या दादाच्या लॅपटॉपवर. तुम्ही लवकर या," एवढंच ती बोलली. मागून रेवाचं रडणं ऐकू येत होतं. मी चपला घातल्या आणि निघाले.

पेपरात छापतात तसं तुझ्याबद्दल लिहायला मला जमणार नाही. मनमिळाऊ, हसतमुख वगैरे. मनमिळाऊ तू होतास, पण तो गिऱ्हाइकांशी. माझ्याशी तू भांडायचास. रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या त्या गल्लीत, जिथे दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं, तिथल्या आपल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आपण बहीण-भाऊ इतकी वर्षं एकाच गोष्टीवरून भांडत आलो. आणि ते भांडण अर्ध्यावर टाकून तू निघून गेलास. बाकी सगळं मी समजून घेईन. डॉक्टरांचं, नशिबाचं, तुझ्या त्या तंबाखूचंही. पण एवढं मुद्देसूद चाललेलं भांडण असं सोडून जायचं असतं का रे?

भेटायला येणाऱ्यांना मी ते भांडण सांगत बसते. ते बिचारे चहा धरून ऐकतात आणि कीव करून माझ्याकडे पाहतात. मी सांगते, लॅपटॉप कंपनीतून येतो तेव्हा त्याच्या डिस्कचा एक तुकडा कंपनीने आधीच बाजूला काढून ठेवलेला असतो. तो एरवी दिसत नाही. त्यात त्या मशीनची पहिल्या दिवसाची सिस्टीम असते, आवाजापासून वायफायपर्यंत सगळं चालवणारे ड्रायव्हर असतात. मशीन पार बसलं तर सुरू करताना ठरलेलं बटण दाबायचं, की तो तुकडा मशीनला पुन्हा दुकानातून आणल्यासारखं करून देतो. त्याला रिकव्हरी पार्टिशन म्हणतात. आता गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "भैया, विंडो मार दो." नवीन सिस्टीम टाकताना डिस्कच्या सगळ्या तुकड्यांची यादी समोर येते. त्या यादीपाशी आपलं बिनसायचं. मी म्हणायची, सगळे उडव, डिस्क कोरी कर, स्वच्छ नवी सिस्टीम टाक. तू म्हणायचास, फक्त सी, म्हणजे सिस्टीमचा तुकडा, साफ कर, शेवटच्याला हात लावू नको.

"काहून नाही लावायचा?" मी विचारायची.

"बिजहा आहे तो," तू म्हणायचास.

तुझा तो शब्द इथला, छत्तीसगढी. पेरणीसाठी राखून ठेवलेलं धान म्हणजे बिजहा. घरात कितीही ओढाताण असली तरी ते शिजवायचं नसतं. धमतरीकडचा माणूस मशीन घेऊन आला की तू त्याला डिस्कची यादी दाखवून म्हणायचास, "ये आखिरी वाला बिजहा है. इसे मत खाना." तो लगेच मान हलवायचा, "हव भैया." समता कॉलोनीतल्या डॉक्टरीणबाईंना मात्र तेच समजावताना तुझी दमछाक व्हायची, आणि मी मागे बसून हसायची.

माझंही काही चुकत नव्हतं हां. मी आजही सांगते. ती जागा थोडीथोडकी नसते, पंधरा-वीस जीबी सहज जातात. कॉलेजच्या पोरांच्या लहान डिस्कच्या मशीनमध्ये तेवढ्यात वर्षभराचा अभ्यास मावतो. सिस्टीमची किल्ली, म्हणजे परवान्याचा नंबर, हल्ली मशीनच्या बोर्डातच कोरलेली असते, ड्रायव्हर नेटवर मिळतात. आणि त्या पार्टिशनमधून उगवतं काय, तर मशीन घेतलं त्या साली असलेली जुनाट सिस्टीम आणि कंपनीने फुकट कोंबलेले नको ते प्रोग्राम. त्या डॉक्टरीणबाईंचं मशीन तू हौसेने बिजह्यातून उठवलंस, आठवतं ना? मग त्याचे अपडेट उतरत राहिले, उतरतच राहिले. बाई रोज दवाखान्यातून फोन करून विचारायच्या, झालं का? तेव्हा मी तुला म्हटलं होतं, खा आता तुझा बिजहा. तू कान खाजवत माउस पुसत बसलास.

मी म्हणायची, एवढंच आहे तर आधी त्या पार्टिशनचा पेनड्राइव्ह बनवू, गिऱ्हाइकाच्या हाती देऊ आणि मग उडवू. कंपनीही तेच सांगते. त्यावर तुझं उत्तर ठरलेलं होतं. "मने, पेनड्राइव्हवर लोक लग्नाची गाणी भरतात." तेही खरंच होतं. आपण दिलेल्या एका पेनड्राइव्हवर हळदीची गाणी भरून ते गिऱ्हाईक आपल्याकडेच परत आलं होतं, गाणी वाजत नाहीत म्हणून.

पण तुझा सगळ्यात मोठा विजय म्हणजे ती शाळा. जंगलाच्या कडेची, दोन खोल्यांची, जिथे आपण बसमधून उतरून पुढे तिथल्या सरांच्या मोटारसायकलवर तिघं बसून गेलो होतो. शाळेला कोणीतरी दिलेले लॅपटॉप होते आणि एका लॅपटॉपवर शहरातल्या कुठल्याशा दुकानदाराने विंडो मारून दिली होती, माझ्याच पद्धतीने, सगळं उडवून. मशीन चकाचक सुरू होत होतं. फक्त आवाज नव्हता आणि वायफाय नव्हतं. वायफायचा ड्रायव्हर नेटवर मिळतो, आणि नेट यायला वायफायचा ड्रायव्हर पाहिजे. माझ्या मोबाइलला एक काडी रेंज नव्हती. मी फोन वर धरून मैदानभर फिरले, पोरं माझ्यामागे फिरली. तू शांतपणे दुसरा, न उडवलेला, त्याच जातीचा लॅपटॉप उघडलास, त्याच्या शेवटच्या पार्टिशनमधून पेनड्राइव्ह बनवलास आणि पहिला उठवलास. सरांच्या फोनमधलं राष्ट्रगीत त्यात घालून लावलंस आणि आवाज आला तेव्हा पोरं आपोआप सावधान उभी राहिली. तूही उभा राहिलास. राष्ट्रगीत संपलं आणि तू माझ्याकडे वळून म्हणालास, "आता बोल."

हे तुझे दोन शब्द. वाद जिंकलास की तू दुसरं काही म्हणायचाच नाहीस. मी चिडून म्हटलं, पेनड्राइव्ह मीच सांगत होते ना? तू म्हणालास, हो, पण बनवायला घरात बिजहा लागते ना वं. परत येताना बसमध्ये आपण रायपूर येईपर्यंत भांडलो. पुढच्या सीटवरची म्हातारी मागे वळून तुला म्हणाली, घरवाली से इतना नहीं लड़ते बेटा. बहीण आहे म्हटल्यावर ती म्हणाली, फिर ठीक है.

त्या शाळेमुळेच तुझे ते व्हिडिओ सुरू झाले. लांबच्या मास्तरांना प्रत्येक वेळी रायपूरला यायला लागू नये म्हणून तू पडद्यावर जे करत होतास ते रेकॉर्ड करायला लागलास, सोबत तुझा आवाज. मशीन कसं उघडायचं, सिस्टीम कशी टाकायची, कशाला हात लावायचा नाही. चेहरा नाही, फक्त माउसचा बाण हलताना दिसायचा आणि तू बोलत असायचास. रेवा तेव्हा लहान होती. शाळेतून दुकानात यायची आणि तुझ्या मांडीवर बसून ते व्हिडिओ गोष्ट ऐकावी तसे ऐकायची.

आणि शेवटी शेवटी त्याच व्हिडिओंनी तुझा लॅपटॉप भरला. डिस्कची पट्टी लाल झाली होती. तू घरी पलंगावर पडून होतास, मी उशाशी बसून म्हणाले, दादा, आता तरी ते शेवटचं पार्टिशन काढून टाकते, ती जागा डीला जोडते, तुझे व्हिडिओ ऐसपैस राहतील. तू डोळे मिटूनच म्हणालास, "बरा झालो की पाहू." मी म्हटलं, म्हणजे नाहीच ना? तू हसलास. आपलं भांडण तिथे थांबलं आहे.

तर ती दुपार. मी पुरानी बस्तीत तुझ्या घरी पोचले तेव्हा पुढच्या खोलीत तुझा फोटो, त्याला सुकलेला हार, आणि खाली चटईवर तुझा लॅपटॉप घेऊन रेवा बसलेली. पडद्यावर कंपनीचं चिन्ह आणि हळूहळू सरकणारी पट्टी. पट्टी जवळजवळ संपायला आली होती. मला एका नजरेत कळलं. तिने बिजहा पेरला होता.

"लॅपटॉप खुल ही नहीं रहा था, आत्या," ती हुंदके देत म्हणाली. आपली ही पुढची पिढी, आपण मराठीत विचारायचं आणि त्यांनी हिंदीत उत्तर द्यायचं. "काली स्क्रीन आ रही थी. मुझे पापा के वीडियो देखने थे. मतलब सुनने थे."

"मग मले फोन काहून नाही केला?"

"आप दुकान नहीं खोल रहीं. मम्मी बोली, आत्या को तंग मत करना." मी चटईवर तिच्याशेजारी बसले, तशी ती पुढे म्हणाली, "पापा हमेशा बोलते थे ना, सब बिगड़ जाए तो बिजहा से वापस आ जाता है. मुझे लगा, पापा का सब वापस आ जाएगा."

दादा, रागावू तरी कोणावर? तूच शिकवलंस तिला. तिच्या जन्मापासून ती हेच ऐकत आली. पण बिजहा काय परत आणतो हे तू तिला कधी नीट सांगितलं नाहीस. तो मशीन परत आणतो, मशीनमध्ये साठलेलं नाही. ज्या दिवशी ते विकत आणलं तो दिवस परत येतो, आणि त्या दिवशी त्यात तुझं काहीच नव्हतं.

तुझ्या फोनवरचे आवाज आमच्याकडे आहेत म्हणा. वहिनीने ते मला ऐकवले होते. सगळे मिळून "हव, येऊन राहिलो" आणि "दूध आणू का?" एवढेच. त्याच्याने रेवाचं कसं भागावं? तू सलग, सावकाश, समजावून बोलतोस असं फक्त त्या व्हिडिओंमध्ये आहे. मास्तरांना फोनवर पाठवले होतेस ते त्यांनी जागा करायला पुसून टाकले. आणि साऱ्या रायपूरला बॅकअप घ्या म्हणून ओरडून सांगणाऱ्या तुझ्याकडे स्वतःच्या लॅपटॉपचा बॅकअप नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मी रेवाला विचारलं, बटण दाबल्यावर तुला तीन ओळी दिसल्या असतील. एक, फक्त सी पहिल्यासारखा कर. दोन, सगळी डिस्क पहिल्यासारखी कर. तीन, सगळी डिस्क पुसून तिचे नव्याने दोन भाग कर. तू कोणती निवडली?

"याद नहीं, आत्या." ती माझ्याकडे पाहत राहिली. "मैं रो रही थी. जो आया, दबा दिया."

तुझा दुसरा हट्ट मला तेव्हा आठवला. सीवर संसार मांडायचा नाही. सीमध्ये फक्त सिस्टीम, आपलं जे काही असेल ते डीमध्ये. गिऱ्हाईक डेस्कटॉपवर फोटो ठेवायचं तर तू त्याला रस्त्यावर खाट टाकून झोपल्याबद्दल रागवावं तसा रागवायचास. तेव्हा रेवाने पहिली ओळ दाबली असेल तर डी शाबूत होता. दुसरी दाबली असेल तर डी उरलाच नव्हता. आणि तिसरी दाबली असेल तर डी दिसला असता, पण रिकामा. मशीन बंद करावं असं एकदा मनात आलं. पण पट्टी शेवटाला आली होती, जे लिहून व्हायचं ते होऊन गेलं होतं. पुढे मशीन स्वतःच बंद व्हायचं, सुरू व्हायचं, ड्रायव्हर बसवायचं, पुन्हा बंद व्हायचं. त्यात आपल्याला करण्यासारखं काही नसतं.

वहिनीने आलूपोहे केले. आम्ही तिघी चटईवर बसून ते खाल्ले, पडद्याकडे पाहत. मी रेवाला खरं काय ते सांगितलं. माझं बोलणं संपल्यावर वहिनी प्लेटा उचलत म्हणाली, "अवं, पण बियाण्यातून मागच्या वर्षीचं पीक थोडीच येते? नवं येते. आमच्या आर्वीले लहान लेकराले पण मालूम आहे." ती इतक्या सहज म्हणाली की रेवा रडायची थांबली. तुला एवढ्या वर्षांत हे एक वाक्य सुचलं नाही, दादा. बायकोला विचारायचं होतंस.

वहिनी तुझ्या दुकानात सणासुदीलाच यायची. डबा पाठवायची, स्वतः नाही यायची, आणि असं का ते मी विचारलं नाही. आणि माझ्याबद्दल तुला काय वाटायचं तेही मी कधी विचारलं नाही. मला बी.एड. करायला लावा म्हणून सगळे घरात मागे लागले होते, तेव्हा तू सरळ मला स्कूटरवर बसवून दुकानात आणलंस, खुर्ची ओढलीस आणि माझ्यासमोर एक उघडलेला कॉम्प्युटर ठेवून म्हणालास, बंद करून दाखव. तो बंद करायला मला संध्याकाळ झाली, दोन स्क्रू उरले ते तू उचलून डबीत टाकलेस. त्या खुर्चीवर मी आजवर बसते. त्याबद्दल तुला कधी काही म्हणायचं राहून गेलं, कारण आपलं बोलणं म्हणजे भांडणच. आता म्हणते. फार उपकार झाले रे तुझे. खूप आनंदात गेली माझी ही वर्षं.

मशीन शेवटचं सुरू झालं. निळा पडदा आला आणि त्यावर एक रिकामी चौकट. आधी नाव विचारत होतं. नाव दिल्याशिवाय ते पुढे जात नाही, आणि पुढे गेल्याशिवाय डी आहे की नाही ते कळत नाही.

"पापा का नाम डालूँ?" रेवाने विचारलं. तिचा हात अक्षरांवर ठेवलेला होता. घालायला हरकत काहीच नव्हती, यंत्राला काय कळतं? पण मग रोज ते सुरू करताना तुझं नाव घेऊन तुझं स्वागत करणार, आणि समोर तू नसणार. मला ते नको होतं आणि नको म्हणायची हिंमतही होत नव्हती.

वहिनी हात पुसत आली आणि आमच्यामध्ये बसली.

"माझं टाक," ती म्हणाली.

"आई?" रेवाच्या तोंडून मम्मी न निघता आई निघालं.

"माझं टाक म्हणते न. सुलभा. अंदर काही असन त असन, नसन त नसन. डब्बा त चालून राहिला न? मी चालवीन. मले शिकवा."

तिचं नाव सुलभा आहे हे मला ठाऊक होतं, दादा, पण तुझ्या तोंडून मी ते कधी ऐकलं नव्हतं. तू तिला 'ऐक न' म्हणायचास. रेवाने एकेक अक्षर दाबलं. मशीनने सुलभाचं स्वागत केलं. वहिनी तोंडावर पदर धरून पाहत राहिली, आणि माझ्या लक्षात आलं की ती हसते आहे.

मग मी माउस हातात घेतला. ड्राइव्हची खिडकी उघडली. सी होता, नवाकोरा, रिकामा. त्याच्या शेजारी डी होता. रेवाने माझा दंड घट्ट धरला. मी तिला म्हटलं, थांब, दिसला म्हणजे झालं असं नाही. तेवढ्यात मलाच त्याच्याखालची पट्टी दिसली. लाल. काठोकाठ भरलेली. त्या लाल पट्टीवरून मी तुझ्याशी किती भांडले होते, आणि त्या दिवशी तिच्याकडे पाहून मला गणपतीपुढे जोडतात तसे हात जोडावेसे वाटले. पोरीने पहिली ओळ दाबली होती. कशी दाबली, देव जाणे.

रेवाने स्वतः एक व्हिडिओ निवडला. बाण हलायला लागला आणि तुझा आवाज आला. "हाँ, तो अब आपको लिस्ट दिखेगा. घबराना नहीं. धीरे-धीरे पढ़ना. सी वाले को साफ करना है. ये जो आखिरी वाला है, इसको सिर्फ देखना है, छूना नहीं है. ये बिजहा है." आणि मग, दादा, तुझ्या मागून कोणीतरी बाई कर्कश आवाजात बोलली, "वीस जीबी फुकट जाऊन राहिले!" तू म्हणालास, "थांब न वं, रेकॉर्डिंग चालू आहे." ती म्हणाली, "चालू राहू दे, मास्तरांना पण कळू दे." तू म्हणालास, "ये मेरी बहन है. होशियार है, पर इसकी मत सुनना."

"काहून नाही ऐकायचं?" मी चटईवरून मोठ्याने ओरडले. तुझ्यावर, म्हणजे लॅपटॉपवर. आधी रेवा हसली, मग वहिनी, मग मी, आणि डोळ्यांतून पाणी वाहत असताना आम्ही तिघी पोट धरून हसलो. शेजारच्या काकू दारात येऊन काय झालं म्हणून पाहून गेल्या. नुकतंच माणूस गेलेल्या घरात हे काय, असं त्यांना वाटलं असणार. वाटू दे.

दुसऱ्या सकाळी मी दुकानाचं शटर उचललं. आधी त्या सगळ्या व्हिडिओंच्या दोन प्रती केल्या, एक माझ्याकडे, एक वहिनीच्या कपाटात. तुझा अंधार मी निस्तरला. वहिनी डबा घेऊन आली आणि परत गेली नाही. तुझ्या खुर्चीवर बसायला ती तयार नव्हती, म्हणून तिने घरून स्टूल आणलं आहे. आता रोज येते. तिला माउस अजून जमत नाही, तो टेबलावरून पडेपर्यंत ती ओढत नेते, पण गिऱ्हाइकांना ती जो पहिला प्रश्न विचारते तो अगदी तुझा आहे. "पैले सांगा, डीमध्ये काय काय आहे?" समता कॉलोनीच्या डॉक्टरीणबाईंनाही तिने तो विचारला, आणि त्यांना तो तिच्याकडून लगेच समजला.

काल आपल्या त्या शाळेचे सर आले. पिशवीतून लॅपटॉप काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ तुझ्या खुर्चीकडे पाहत उभे राहिले. "भैया नइ रहिन, सुने हन," ते म्हणाले. मी मान हलवली. मग ते म्हणाले, विंडो मारून द्या. मी पेनड्राइव्ह लावला, मशीन सुरू केलं, ती यादी समोर आली. दुकानात मला अडवणारं कोणी नव्हतं, दादा. पहिल्यांदाच. बाण शेवटच्या ओळीवर नेला की झालं, वीस जीबी मोकळे. माझा हात तिथे जरा थांबला असेल, कारण सर माझ्या खांद्यावरून वाकून पाहत म्हणाले, "बिजहा ला झन छूहू, दीदी."

हात लावू नका म्हणाले. तुझाच धडा, तुझ्याच शब्दात, मलाच. मी त्यांच्याकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं. ती स्टुलावर बसून पदराआड हसत होती.

तर ऐक. शेवटच्या पार्टिशनला मी हात लावला नाही. सी साफ केला, डी तसाच ठेवला, सिस्टीम टाकली. पण त्याआधी त्याच पार्टिशनचा पेनड्राइव्हही बनवला, मी म्हणत होते तसा. वहिनीने त्यावर चिकटपट्टी लावून स्वतःच्या हाताने लिहिलं, 'यावर लग्नाची गाणी भरू नये.' मग तिने तो जाड दोऱ्याने सरांच्या लॅपटॉपच्या पिशवीला आतून शिवून टाकला, बटण शिवतात तसा, आता काढायचा तर सुई-कात्री घेऊन बसावं लागेल. सर हव म्हणाले आणि बस पकडायला गेले. म्हणजे बिजहाही राहिला, पेनड्राइव्हही झाला, आणि तो हरवायची सोयही राहिली नाही. इतक्या वर्षांत हे आपल्या दोघांनाही सुचलं नव्हतं.

आता बोल.